बाहीवरचा मोर
डांबरगोळीचा वास आला की दोंडाईच्याच्या बाजारातला जुन्या कपड्यांचा ढीग आठवतो. कॉलेजात असताना मी त्यातूनच रोजचे रंगीबेरंगी कपडे जुळवायचे. एकदा गुलाबी ओढणीवर शोभेल असा पोपटी कुर्ता उचलला, तर माझ्याच वयाच्या एका बाईने त्याची बाही धरली. बाहीवरचा मोर तिनेच माहेरी भरलेला. लग्नानंतर साडीच नेसायची, म्हणून सासूने कुर्ता भांडेवालीला देऊन पातेलं घेतलेलं. “तूच ने,” मी म्हटलं. “घर लई जासू त सासू परत भांडेवालीले दी टाकी,” ती म्हणाली, “तूच घाल बहीण, मी बाजारले इसू तवय देखसू.” ती बाजाराला येईल तेव्हा तिला दिसावा म्हणून पुढचे सगळे बाजार मी तोच घालून फिरले, ती दिसली नाही. आता कुर्ता मला होत नाही, पण भांडेवालीची हाक आली की मी दार लावून घेते.