अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

जगात वाया गेलेली माणसं पुष्कळ असतील, पण अख्खं गाव खांद्यावर घेऊन वाया गेलेला माणूस आमच्या साडूंखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. अमेरिकेत रेडमंडला त्यांचं काय वाईट चाललं होतं? चांगली नोकरी, चांगलं घर, हिच्या ताईसारखी कर्ती बायको. पण कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि हे गृहस्थ बायको-पोरीला तिथेच ठेवून उठले ते थेट कॅनडाच्या सीमेला टेकलेल्या, डोंगरमाथ्यावरच्या एका गावात जाऊन बसले. गाव म्हणजे काय, तर एक पोस्ट, एक बंद पडलेली शाळा, थोडी म्हातारी माणसं आणि उरलेला सगळा बर्फ. हवा इतकी विरळ की पातेल्यात वरण शिजत नाही आणि जिना चढला की बोलणं बंद होतं. साडूंचं बोलणं मात्र कधी बंद झालं नाही. "इथे आल्यापासून तब्येत एकदम फर्स्टक्लास," असं ते खोकत खोकत सांगायचे.

मूळचे ते पुण्याचे, त्यातून सोसायटीचे माजी सेक्रेटरी. हा रोग हाडात मुरतो. गावाला मेयर व्हायला कुणी तयार नव्हतं, हे एका पायावर तयार झाले. लगेच टाउन हॉलच्या दारावर इंग्रजीत पाटी लागली : 'बूट झटकून आत यावे. चौकशी करू नये.' पुढे कौन्सिलातला एक सभासद वारला, दोघे गुडघेदुखीपायी उबदार ॲरिझोनाला गेले. उरले साडू आणि मार्ज नावाच्या, ऑक्सिजनचं नळकांडं ओढत येणाऱ्या आजीबाई. कोरम तिघांचा. साडूंनी अस्सल सोसायटीचा तोडगा काढला. कोरमअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सभा, आणि मग कोरमची गरज नाही! मधल्या वेळात दोघं आल्याचा चहा प्यायची आणि नंतर गाव चालवायची. "मार्ज, इट इज परफेक्टली लीगल," असं ते तिला छातीठोकपणे सांगत आणि ती बिचारी मान डोलवत असे. रस्त्यावरचा बर्फ काढायचं कंत्राट असंच दिलं. नगरपालिका बंद करून काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, विलीन करा, ही सूचना असल्याच सभेत बाणेदारपणे फेटाळली.

काउंटीच्या वकिलाने एके दिवशी शांतपणे कळवलं की असला नियम या राज्यात नाही. झाले ते सगळे ठराव रद्द. महिनाअखेर तिसरा सभासद मिळाला नाही तर नगरपालिकाच रद्द, आणि मग काउंटीचा खालच्या सगळ्या गावांचा बर्फ काढून झाल्यावर वेळ उरला तर इथला. मार्जचा ऑक्सिजन त्याच रस्त्याने यायचा. साडूंनी महाराष्ट्र मंडळातल्या एकूण एक मराठी माणसाला फोन केले. "यार, वर्षभर राहायला ये ना, रिमोटच आहेस!" लोक हसले. शेवटी त्यांनी ताईंना विचारलं.

"मी कोरमसाठी लग्न केलेलं नाही," ताई म्हणाल्या. "पोरीची शाळा कॅन्सल करून तुमच्या बर्फात हात वर करायला येऊ का?"

त्यांचंही खरंच होतं, आणि म्हणून तर काही इलाज नव्हता.

साडूंना घेऊन यायला हिने मला पाठवलं. मी पोचलो तो दिवस शेवटच्या सभेचा. मार्जला तिची मुलगी आदल्या आठवड्यातच खाली घेऊन गेली होती. हॉलमध्ये साडू आणि मी. त्यांनी कोरमअभावी सभा तहकूब केली. आम्ही चहा प्यालो. अर्ध्या तासाने ते कोटाची बटणं लावून उभे राहिले आणि हे गाव गाव म्हणून राहावं असा ठराव त्यांनी मांडला.

"अनुमोदन?" त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना विचारलं.

मला बघवेना. मी हात वर केला.

साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हात खाली घ्या हो. तुम्ही इथले रहिवासी नाही. कायद्यात बसत नाही ते."

मी हात खाली घेतला नाही, आणि त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. थोड्या वेळाने ते खुर्च्या मिटून भिंतीला लावू लागले.