दाजींच्या रेडिओतली शिट्टी

जोयड्याच्या शाळेत मी पाचवीला भागाकार शिकवत होतो, तेव्हा नंदिगड्ड्याचा जीपवाला दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, तुमचं दाजी गेलं," एवढंच बोलला. त्याला आता तीन आठवडे झाले... दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लष्करात बिनतारी यंत्रावर होते, परतल्यावर नंदिगड्ड्याला भातशेती करत. मी मात्र मुळातला संशयी. दुधात पाणी किती, हे बघितल्याशिवाय चहा पीत नाही.

दोन वर्षांपूर्वी लढाई लागली तेव्हा त्यांचा मुलगा सीमेवर होता. बातम्या ऐकायला सारी वाडी त्यांच्या ओसरीवर जमे. पण नेमकी बातम्यांवरच शेजारच्या कुठल्याशा रेडिओ स्टेशनची बारीक शिट्टी चढायची. दाजींनी फणसावर तार चढवली, बांबूच्या कांड्यावर तांब्याची तार गुंडाळली, त्याला एक स्क्रू बसवला आणि तो फिरवत वहीत आकडे लिहू लागले. हे काय चाललंय, मी विचारलं.

"शिट्टी एकाच जागी बसल्याली अस्ती, मास्तर. तेवढीच जागा कापायची. बाकीचं बोलणं ऱ्हाऊ द्यायचं."

मला ते पटलं नाही. झाडावर तार, वहीत आकडे... शत्रूला निरोप तर जात नसतील, अशी मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच दिवशी मी फौजदाराच्या कानावर घातलं. रेडिओ, वही, बांबूचं कांडं, सगळं जप्त झालं. लढाई थांबेपर्यंत त्या घरात बातमी वाजली नाही. अक्का पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. मुलगा सुखरूप आला, सामानही परत मिळालं; पण त्या दिवसांची मला आजही लाज वाटते. दाजींनी चकार शब्द काढला नाही. उलट रेडिओजवळची जागा कायम माझी. मला त्याचाही संशय यायचा, की हा माणूस गोड बोलून एक दिवस उट्टं काढणार.

तेराव्याला न राहवून मी अक्कापाशी सगळं कबूल केलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यास्नी ठाऊक हुतं. फौजदारानंच सांगितलं हुतं."

"मग बोलले का नाहीत?"

"मीच भांडाय निघाले हुते तुझ्याशी. तर म्हणाले, तुझ्या भावात तेवढी एकच शिट्टी हाय. बाकी मानूस झ्याक हाय."

मला रडू आवरलं नाही.

ते बांबूचं कांडं अक्कानं मला दिलं. आता ते माझ्या रेडिओला जोडलंय. स्क्रूपाशी दाजींनी चाकूनं केलेली खूण आहे. तिथं आणला की शिट्टी जाते, बातम्यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. पहिल्या दिवशी मी स्क्रू पुढेमागे फिरवून ती खूण तपासून पाहिली. बरोबर होती.