अर्धं सूत कमी

दुपारचे अडीच वाजलेत. दवाखान्याचं शटर अर्धं ओढून मी पेशंटच्या खुर्चीतच आडवी होते. चार वाजता आई येणार आहे. तिच्या वरच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचंय, म्हणजे हाडात भोक पाडून टायटेनियमचा स्क्रू. तीन वर्षं ती नको म्हणत होती. कारण सरळ आहे. माझ्या आयुष्यातलं पहिलं इम्प्लांट मी आप्पांना, माझ्या वडिलांना बसवलं होतं, आणि दोन महिन्यांत ते हलून हातात आलं. आप्पा त्या खिंडारासकटच गेले. आज हेही सुटलं तर आई मला एका शब्दानं बोलणार नाही, आणि त्याचीच मला भीती आहे.

डोळे जड होतात. डोक्यावरचा दिवा मी बंद केला होता, तो लागतो. दिव्याखाली आप्पा बसलेत, गंजीफ्रॉकवर, मांडीत तंबोऱ्याची दांडी आडवी. मिरजेच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी तंबोऱ्याला खुंट्या बसवल्या. खुंटी सरकू नये म्हणून तिला खडू चोळतात, त्यानं बोटं नेहमीसारखी पांढरी. त्यांना बघून मला इतका आनंद होतो की ते गेलेत हे मी मुद्दाम आठवत नाही.

"उठा की डॉक्टरीणबाई. तुमीच खुर्चीत घोरताय, गिऱ्हाईक पळंल."

"आप्पा, आ करा बघू."

ते आ करतात. खिंडार तिथंच आहे. "तू पाडलेलं भोक हाय. जपून ठिवलंय."

आम्ही आता कारखान्यात आहोत. छताला भोपळे टांगलेत, आणि माझी थुंकी ओढायची नळी कुठंतरी सुरसुर करतेय. आप्पा माझ्या हातात गिरमिट देतात. समोरची दांडी आईचा जबडा आहे. मला त्याचं काही नवल वाटत नाही.

"लाकूड कसलंय?"

"मऊ. वरचं मागचं हाड मऊच असतं. आईचं जरा जास्तच."

"मग भोक?"

"स्क्रूच्या मापाचं. सगळ्यात जाड ड्रिलसुद्धा ट्रेमध्ये काढून ठेवलंय."

"खुळी का काय! कवळ्या लाकडाला भोक खुंटीपरास अर्धं सूत कमी ठिवायचं. खुंटी दाबून आपली जागा करून घेती."

"ठाऊक आहे. पण जास्त दाबलं तर हाड मरतं. भीती वाटते."

"दांडी चिरती ती टणक लाकडाची. हे बिनघोर दाब." ते माझ्याकडे बघत राहतात. "माझं तर टणक हुतं. मग माझ्या येळंला काय झालं?"

पुस्तकातलं मला तेव्हाही येत होतं. पण बाहेर सहा पेशंट बसलेले, आणि आपली पोरगी किती झटपट काम करते हे मला आप्पांना दाखवायचं होतं. ड्रिल झिजलेलं, म्हणून मी जोर लावला. ड्रिल गार ठेवणाऱ्या फवाऱ्यानं नीट दिसेना, म्हणून पाणी कमी केलं. ड्रिल तापलं, आतलं हाड भाजलं. त्या दिवशी स्क्रू घट्ट बसला आणि मी खूश झाले. मेलेल्या हाडानं तो नंतर सोडला. मी मात्र गावभर सांगितलं, आप्पा सुपारी सोडत नाहीत, त्याला मी काय करू.

"वास आला हुता मला," आप्पा म्हणतात. "घाईनं गिरमिट चालवलं की लाकूड जळतंय, तसाच. जळक्या भोकात खुंटी आज बसती, उद्या फिरती."

"मग बोलला का नाहीत? मी सुपारीवर ढकललं तरी?"

"तुझी पयली खुंटी हुती गं. माझी पयली तर भर मैफलीत सुटलीया." ते हसतात. "आन् सुपारी काय चांगली असती व्हय?"

"चुकलं माझं, आप्पा." मला रडू फुटतं.

"मग आज पाणी सोड. थांबत थांबत जा. गार होऊ दे, मग फुडं." ते माझी बोटं खुंटीवर ठेवतात, वर स्वतःची ठेवतात आणि सावकाश फिरवतात. "धरली?"

"धरली."

शटरवर थापा पडताहेत. मी उठते. दिवा बंद आहे. आई आत येते, पिशवी खाली ठेवते, खुर्चीत बसून पदर सारखा करते. मी ट्रेमधलं सगळ्यात जाड ड्रिल उचलून कपाटात परत टाकते. मग तिच्यासमोर उभी राहते.

"आई, आप्पांचा दात सुपारीनं गेला नव्हता. माझ्या घाईनं गेला."

"ठाऊक हाय. त्यांनीच सांगितलं हुतं. पोरीला बोलू नगंस म्हणाले."

ती माझा हात हातात घेते आणि एकदम थांबते. अंगठ्याला आणि दोन बोटांना खडू लागलाय. माझ्या दवाखान्यात खडू नाही. आप्पांच्या शर्टांवरचा हा खडू आईनं चाळीस वर्षं धुतलाय. ती अंगठ्यावरून एकदाच बोट फिरवते.

"जा, हात धू," ती म्हणते. मान मागं टेकते आणि आ करते.