ताकदीची गोळी

"मॅडम, तुमच्या गोळीनं काम केलं!"

गिरजाबाई खिडकीच्या जाळीला तोंड लावून सांगत होत्या. मागे ओपीडीची रांग. मी ग्रामीण रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी औषध देते आणि ते कसं घ्यायचं हे सांगते. बावीस वर्षं झाली. औषधाचं कौतुक करायला खिडकीशी कोणी येत नाही, म्हणून मी विचारलं, "कोणत्या गोळीनं, मावशी?"

"ताकदीच्या! माया सुनेले देली होती ना, रंजनाले. आठ दिवस झाले, सकाळी उठली का उलटी. भाजीचा वास सहन नाई होऊन राहिला. पाळीबी चुकली. आता समजा तुमी! तिले लॅबमधी बसवून आली, लघवी तपासाले."

"गोळी चालू आहे?"

"परवापासून बंद केली मी. गरम पडते ना पोटातल्या लेकराले."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. एकीने पेढे मागितले. मी हातातली चिठ्ठी ज्या पेशंटची होती त्याला परत दिली, दहा मिनिटं थांबा म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

ती गोळी ताकदीची नव्हती.

दोन आठवड्यांपूर्वी रंजना पहिल्यांदा आली तेव्हा सासू तिला जवळजवळ ओढतच आणत होती. सानगडीच्या पुढचं गाव. नवरा तलावावर मासेमारी करतो, ती बाजारात मासे विकायची. पाच महिन्यांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. त्यानंतर तिने बाजार सोडला. मग बोलणं. मग आंघोळसुद्धा सांगितल्याशिवाय करेना.

मानसोपचाराचे डॉक्टर आमच्याकडे महिन्यातून एकदा जिल्ह्याहून येतात. त्यांनी तिला एकटीला आत बसवून नीट तपासलं आणि उदासीवरची गोळी सुरू केली. म्हणजे अँटिडिप्रेसंट. "बाकीचं औषधवाल्या मॅडम सांगतील," असं म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. त्या दिवशी त्यांच्यापुढे साठ पेशंट होते. माझ्यापुढे त्याहून जास्त.

सांगायचं होतं ते असं. गोळी सकाळी, काहीतरी खाऊन घ्यायची. पहिले आठ-दहा दिवस मळमळेल, भूक कमी होईल, तोंड कोरडं पडेल, झोप उडेल, जीव तळमळल्यासारखा वाटेल. बहुतेकांचं हे आपोआप कमी होतं. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी येतो आणि फायदा नंतर. मनाने बंद करायची नाही. तळमळ फार वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता यायचं. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात.

मी पाकीट पुढे केलं तेवढ्यात गिरजाबाईंनी विचारलं, "कायची गोळी हाय हे?"

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. मागे तिच्याच गावच्या दोन बायका होत्या. डोक्याची गोळी म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. सासू काय म्हणेल तेही मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. म्हटलं, "ताकदीची. सकाळी जेवून एक."

पुढचं काहीच सांगता आलं नाही. ताकदीच्या गोळीने भूक जाईल आणि झोप उडेल, हे कोणत्या तोंडाने सांगणार? रंजनाला बाजूला घेऊन सांगू असं ठरवलं. रांग संपली तेव्हा त्यांची बस गेलेली होती. आपण एका बाईची लाज राखली याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं, हेही सांगायला हवं.

खिडकी लावून मी लॅबमध्ये गेले. तपासणी निगेटिव्ह होती. टेक्निशियनने दुसरी पट्टी लावून पाहिली होती. तीही तशीच. पाळी पुढे जायला तिचं उतरलेलं वजन आणि पाच महिन्यांची उदासी पुरेशी होती.

रंजना बाकावर बसली होती. केस विंचरलेले, हिरवी साडी, कपाळावर टिकली. मी तिला मागच्या खेपेला पाहिलं नसतं, तर आजारी म्हटलंच नसतं. दोघींना मी स्टोअरमध्ये नेलं आणि दार लावलं. अशा वेळी प्रस्तावना करत बसू नये असं माझं मत आहे. सरळ सांगितलं, दिवस गेलेले नाहीत.

गिरजाबाई म्हणाल्या, "मशीन चुकली असंल."

"दोनदा तपासलं, मावशी."

रंजना मग म्हणाली, "मंग मले मळमळत काहून होतं?"

"गोळीनं."

"ताकदीच्या गोळीनं?"

तेव्हा मी खरं सांगितलं. सगळं, सुरुवातीला सांगायला हवं होतं त्याच क्रमाने. रंजना ऐकत होती की नाही कोण जाणे. मधेच म्हणाली, "मले वाटलं, डॉक्टरांची गोळी संपली असंल, म्हणून तुमी ताकदीची देली." म्हणजे मी सासूशी खोटं बोलले होते, आणि ते खरं मानलं पेशंटने.

गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या. आता शिव्या बसणार म्हणून मी तयार होते. त्या म्हणाल्या, "माया भावाले नागपूरले नेलं होतं डोक्याच्या इलाजाले. तीन वर्ष मीच गोळ्या देल्या त्याले, टाइमावर. तो थुंकायचा, मी पुन्हा द्यायची. मले सांगतलं असतं तं मी इले सांभाळलं नसतं का? तुमी मले काय समजल्या, मॅडम?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"तुमचं चुकलं अन् इचं गेलं," त्या म्हणाल्या.

मी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं. रंजनाने पाकीट घेतलं नाही. ते तसंच टेबलावर राहिलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी महिन्यातून एक दिवस येतो. औषध टिकतं की सुटतं, ते पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं, आणि तेव्हा मी नसतो. तुम्ही असता." मग त्यांनी विचारलं, "रजिस्टरला काय लिहिलं?"

"रुग्णाने औषध स्वतःहून बंद केले."

"बरं," ते म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. मी लिहिलेलं नियमात बसत होतं. आजही रजिस्टरमध्ये तेच आहे.

एका रविवारी मी तिच्या गावी गेले. गिरजाबाईंनी चहा दिला, पण स्वतः समोर बसल्या नाहीत. रंजना पुन्हा तशीच झाली होती, केसांच्या जटा, नजर जमिनीला. मी म्हटलं, यावेळी डॉक्टरांना विचारून कमी डोस देऊ, त्रासही कमी होईल, मी दर आठवड्याला फोन करीन. तिने ऐकून घेतलं.

"ते आठ दिवस मी बरी होती, मॅडम," ती म्हणाली. "गोळीनं नाई. लेकरू हाय म्हणून. आता तीच गोळी पाह्यली तं मले ते आठ दिवस आठवतीन. नोका देऊ."

मी परत आले.

त्यानंतर सात-आठ महिने ती तशीच होती. शेवटी गिरजाबाईंनीच तिला भंडाऱ्याला, जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांना म्हणे त्यांनी दारातच सांगितलं, जे काय असंल ते दोघींच्या तोंडावर सांगा. पुन्हा मळमळ झाली. सासूने तिला दहा दिवस पेजेवर ठेवलं आणि एकही गोळी चुकू दिली नाही. आता रंजना बाजारात बसते. हे मला आमच्या सिस्टरकडून कळलं. त्या घरून मला कोणी सांगितलं नाही.

आता मी उदासीची गोळी खिडकीतून देत नाही. पेशंटला स्टोअरमध्ये बसवते आणि आधी विचारते, "घरी काय सांगायचं? कोणाला सांगायचं?" ते तो ठरवतो. मग त्रासाचं सगळं सांगते आणि चौथ्या दिवशी फोन करते. नवीन आलेली फार्मसिस्ट मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, एवढं सांगितलं तर पेशंट घाबरतो." घाबरतो, खरं आहे. पण मळमळ सुरू झाली की तिचं कारण त्याला माहीत असतं, आणि तो मलाच फोन करतो.

रंजनाची गोळी शेवटी तीच ठरली, जी मी तिला पहिल्यांदा दिली होती. आमच्या कपाटात ती बाराही महिने असते. रंजना आमच्या दारावरून जाणाऱ्या एसटीने ती घ्यायला दर महिन्याला भंडाऱ्याला जाते.