दादाचं घोरणं

सुती चिंधी जळाल्याचा वास आला की मला अजून दादाचं घोरणं ऐकू येतं.

सोलापुरात तेव्हा आम्ही विणकर सूत गल्लीतच ताणून त्याला खळ लावायचो. त्या सकाळी एका गाडीवानानं बैल थेट ओल्या सुतावर घातले. आठवड्याचं काम तटातटा तुटलं. दादानं त्याला गाडीवरून खाली ओढलं. त्यानं जोखडातली शिवळेची लाकडी खुंटी उपसून दादाच्या कानशिलावर हाणली, तसा मी दगड घेऊन त्याचं टाळकं फोडलं. एकदा नाही, तीनदा.

गाडीवान रक्तानं न्हाला. तो मेला तर मला फाशी, म्हणून सगळी गल्ली त्याच्याभोवती धावली. चिंधी जाळून मीच त्याच्या जखमेत राख भरली. दादाच्या डोक्यावर मात्र रक्ताचा थेंबही नव्हता. "मला काय झालं न्हाय, त्याला बघा की," म्हणत तो तुटलेले धागे जोडायला बसला. थोड्या वेळानं त्याला साधी गाठ जमेना. मग तो ओकला. "ऊन लागलं असंल, जरा पडतो," म्हणाला आणि घोरायला लागला.

रक्त कवटीच्या आत साचत जातं, माणूस आधी बरा दिसतो आणि ते घोरणं झोपेचं नसतं, हे मला म्हातारपणी एका डॉक्टरानं सांगितलं.

गाडीवान जगला. दादा दिवस मावळायच्या आत गेला. दुपारी वहिनी त्याला हलवून उठवायला आली होती, तेव्हा मीच तिला अडवलं.

"दमलाय वहिनी. झोपू द्या की त्याला."