पर्यावरणाच्या वहीवरची सही

मी बारावी पास आहे, असं मी सुनेला वीस वर्षं सांगत होते. रोज उठून नव्हे, पण वेळ पडली की सांगायची. ती बी.कॉम. झालेली. तिच्यापुढं माझा टिकाव लागायचा तर काहीतरी हवं होतं. आमटीत मीठ जास्त झालं की मी म्हणायची, "आम्हीपण सायन्सला बारावी केलीया, प्रमाण कळतं म्हटलं आम्हाला." ती आमटीत पाणी वाढवायची.

हे सगळं नातीनं मोडलं. ती दहावी झाली, गुणपत्रिका प्लास्टिकच्या फाइलीत घालत होती, आणि म्हणाली, "आज्जी, तुझी बारावीची पण दे की. एकत्र ठेवूया." मी म्हटलं, सापडत नाही. तिनं ट्रंक उपसली. दहावीची निघाली. बारावीची निघणार कुठून?

"आत्ती," सून दारात उभी राहून म्हणाली, "वीस वर्षं?"

मग सांगावंच लागलं.

सतरा वर्षांची मी म्हणजे एक नमुना होते. आमच्या गल्लीतनं सायन्सला गेलेली पहिली पोरगी. कॉलेजला लागूनच अकरावी-बारावीचे वर्ग होते. प्रॅक्टिकल आठवड्यातनं दोनदा, पण मी पांढरा ॲप्रन सहाही दिवस घालून गंगावेशीतनं चालत जायची. दूध कट्ट्यावरची माणसं म्हशीची धार काढता काढता विचारायची, "काय डॉक्टरीणबाई, दवाखाना कधी?" आणि मी मान ताठ करून पुढं जायची. डॉक्टरीण! बेडूक दिसला की मी वर्गाच्या मागच्या दाराशी असायची.

अभ्यासापेक्षा ॲप्रनच्या इस्त्रीवर जास्त लक्ष. वर्षअखेरीला कळलं की जीवशास्त्राचं जर्नल पूर्ण करून बाईंची सही घेतल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. माझं जर्नल कोरं होतं. मैत्रिणीचं तपासून आलेलं आणलं आणि तीन दिवसांत उतरवून काढलं. इतकं मन लावून उतरवलं, की बाईंनी तिच्या वहीत लाल शाईनं मारलेले शेरेही माझ्या वहीत सुवाच्य निळ्या अक्षरांत आले. "आकृती मोठी काढ. हृदयाची बाजू चुकली." तेही उतरवलं, आणि हृदयाची बाजूही चुकीचीच ठेवली.

बाईंनी भर वर्गात पानं उलटली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ दिवस देते. सगळं परत लिही, स्वतः बघून."

आठ दिवस पुष्कळ झाले की. पण आमचा मान दुखावला ना! सगळ्या वर्गासमोर हसं झालं म्हणून मी वही परत उचललीच नाही. घरी सांगितलं, पोटात दुखतंय. परीक्षा गेली, मे महिन्यात लग्न झालं, आणि सासरच्यांनी आपसूक धरलं की पोरगी बारावी झालेली आहे. मी त्यांना दुरुस्त केलं नाही, एवढाच माझा गुन्हा. बाकीचा पुढं हळूहळू वाढवला.

सून पोट धरधरून हसली. ते हसणं मला झोंबलं. मी म्हटलं, "थांब. करूनच दाखवते."

सतरा नंबरचा फॉर्म भरला की कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो मी कधी नेलाच नव्हता. जुन्या कॉलेजात गेले. कारकुनानं धूळ खाल्लेलं रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "आजी, लई उशीर केलासा की दाखला न्यायला." परीक्षेचं केंद्रही तिथंच मिळालं. या खेपेला आर्ट्स घेतलं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, बेडूक नाही.

मराठी-इंग्रजीच्या तोंडी परीक्षा झाल्या. इंग्रजीच्या मास्तरांनी विचारलं, तुमच्या छंदाबद्दल बोला. मी तीन वाक्यं पाठ केली होती, ती तीनदा म्हटली. राहिला पर्यावरणाचा प्रकल्प. तो तपासणारे सर म्हणाले, याचे गुण बोर्डाकडं गेल्याशिवाय निकाल लागत नाही, बाकी पेपरात कितीही मिळूदेत.

आता माझी अक्कल बघा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प विकत मिळतात. 'नदीचे प्रदूषण' घेतला, घरी बसून वहीत उतरवला, कव्हर घातलं आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सर माझ्या थोरल्या मुलाहून लहान. वाचता वाचता थांबले.

"आजी, 'आम्ही पाच मैत्रिणी आईवडिलांची परवानगी घेऊन सायकलवरून नदीवर गेलो.' कधी गेलासा?"

मी खाली बघितलं. त्रेसष्ट वर्षांची बाई, आईवडील जाऊन वीस वर्षं झालेली, आणि सायकल मला आजही येत नाही.

"परवा अकरापर्यंत मला सगळे गुण वर पाठवायचे हायत," सर म्हणाले. "स्वतः बघून लिहिलेलं आणा. दोन पानं असली तरी चालतील. न्हाय आणलं तर मी काय करू शकत न्हाय."

बाहेर आले तेव्हा पोटात खरोखरच दुखायला लागलं होतं. घरी जाऊन तेच कारण सांगितलं असतं तर चाललंही असतं. पण सून आता माझी पोटदुखी ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसले. वही, पेन, पाण्याची बाटली. येईल त्याला विचारायचं, "घरातलं निर्माल्य कुठं टाकता?" सगळे एकजात साधू निघाले. "आम्ही न्हाय बा टाकत नदीत." एकजण हातातली प्लास्टिकची पिशवी पाठीमागं धरून म्हणाला, "लोकांना अक्कलच न्हाय, मावशी." मी वळून दुसऱ्याला विचारेपर्यंत पाण्यात डुबुक झालं. दुपारपर्यंत बावीस जणांना विचारलं. बावीस जणांनी नाही म्हटलं, आणि माझ्यासमोर पायरीखाली पिशव्या तरंगत होत्या.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "काय लिहू आता? कुणीच टाकत न्हाय म्हणतंय."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आपल्या घरचं लिहा की. दर शनिवारी पिशवी बांधून मला कोण पाठवतंय नदीला?"

मी.

रात्रभर नव्हे, जेवायच्या आतच लिहून झालं. पहिली नोंद आमच्या घराची. पिशवी कुठल्या दुकानातली, आत काय काय, किती वर्षं, सांगणारी कोण. मग घाटावरचे बावीस, त्यांनी काय सांगितलं आणि मी काय बघितलं. चार पानं भरली.

सरांनी चारही वाचली. "पहिली नोंद खरी हाय?"

"व्हय."

"मग पाठवता अजून?"

"गेल्या शनिवारी पाठवली होती. या शनिवारचं बघू."

ते हसले, सही केली आणि पन्नासपैकी एकतीस घातले. मी म्हटलं, पोरांना चाळीसच्या वर देता. म्हणाले, "पोरांचं अक्षर बरं हाय."

निकाल लागला. पास झाले, इंग्रजीत काठावर. सुनेनं पेढे आणले आणि गल्लीत स्वतः वाटायला निघाली. ज्या बायकांना मी चाळीस वर्षं बारावी पास म्हणून ठाऊक होते, त्यांच्या प्रत्येकीच्या दारात उभी राहून ती मोठ्यानं सांगत होती, "आमच्या आत्ती यंदा बारावी झाल्या." यंदा म्हणताना आवाज जरा चढवत होती. मी गॅलरीतनं ऐकत होते. पेढे संपेपर्यंत तिनं एक दार सोडलं नाही.