पाइपांतले डोंगर

धुळ्याच्या बसस्थानकावर मी सकाळी सातला उतरले, तेव्हा जानेवारीची बोचरी थंडी होती आणि अक्का मला घ्यायला स्वतः आल्या होत्या. वय सत्तर, इरकली साडी आणि पायांत पांढरे स्पोर्ट शूज. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होतो. पुण्यात एका ग्रंथालयात मी जुने नकाशे सांभाळते. अक्कांचे यजमान नाना हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सुट्ट्यांमध्ये सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरांत पायी हिंडून त्यांनी वाटांचे नकाशे हाताने काढले होते, आणि त्यावरून नानांचा आणि माझा पत्रव्यवहार चाले. या वेळी मात्र फोन अक्कांनी केला होता, नानांना न सांगता.

रिक्षात त्यांनी कारण सांगितलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा चालली ती पाटणादेवीच्या बाजूची एक खिंड. तो नकाशा अक्कांना पाहावासा वाटला. नानांनी दोन दिवस शोधला, पण सापडला नाही. तिसऱ्या दिवशी चिडून ते म्हणाले की बठ्ठे (सगळे) नकाशे शाळेला देऊन टाकू, मुलं वह्यांना कव्हरं तरी घालतील. त्याआधी ते नीट लावून द्यायला अक्कांनी मला बोलावलं होतं.

घरात शिरले आणि मला हसू आलं. भिंतीला लागून, माळ्यावर, पलंगाखाली, सगळीकडे पाइपाचे तुकडे रचलेले. जळगावच्या कारखान्यांतून निघालेले हे तुकडे नानांनी वर्षानुवर्षं जमवले होते. प्रत्येकात एक नकाशा गुंडाळून दोन्ही तोंडांना झाकणं लावली होती. वर लिहिलेली नावं पुसपुसून केव्हाच गेली होती.

“वाळवी शिरत नाही यात,” नाना जरा ताठ्यातच म्हणाले.

ते खरं होतं. कागद आतून शाबूत होते. पण इतकी वर्षं गुंडाळलेला कागद उलगडला की हात सोडताच पुन्हा सुरळी होई. मग स्वयंपाकघरातल्या वाट्या, तांबे, पोळपाट, जे मिळेल ते कोपऱ्यांवर ठेवत गेलो. दुपारी जेवायला एकही वाटी उरली नाही. अक्कांनी शेवभाजी खोलगट ताटल्यांत वाढली आणि आम्ही कडेकडेने भाकरी बुडवून खाल्ली.

नकाशे लावायचे कोणत्या क्रमाने, यावर वाद झाला. मी म्हटलं, गावाच्या नावाने, अकारविल्हे. नाना म्हणाले, वर्षाने. अक्का पालक निवडत होत्या. त्या म्हणाल्या, मला नाव आठवत नाही आणि वर्षही आठवत नाही, कुठल्या नदीचं पाणी प्यालो ते आठवतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर नद्या मोजल्या. तापी, गिरणा, पांझरा, बोरी. नद्याच ठरल्या.

आता सपाट ठेवायला उथळ आणि रुंद खण हवे होते. नानांचे एक जुने विद्यार्थी पारसभाऊ जळगावला सोन्याचं दुकान चालवतात. दुकान नवं केल्यावर त्यांचं जुनं सागवानी कपाट गोदामात पडलं होतं, त्यात हारांचे ट्रे ठेवायचे पसरट खण. दुसऱ्या दिवशी मी आणि अक्का जळगावला गेलो. पारसभाऊंनी आधी आम्हांला घरी नेऊन दालबाटी खाऊ घातली. आपल्याला चित्रकलेत नानांनी कसंबसं पास केलं, हे त्यांनी आनंदाने सांगितलं आणि कपाट टेम्पोत चढवून दिलं.

धुळ्याला आल्यावर कळलं की कपाट आतल्या खोलीच्या दारातून जात नाही. बाहेरच्या खोलीत सोफा होता. अक्कांनी तो अंगणात काढायला लावला. पाहुणे बाहेर बसतील, म्हणाल्या.

हरवलेला नकाशा सापडला तिसऱ्या दिवशी. पांझरेकाठचा एक नकाशा सोडवून घेतल्यावर पाइप हलका लागेना. आत पाहिलं तर दुसरा कागद पाइपाच्या भिंतीला चिकटून बसलेला. हळूहळू तो बाहेर काढला. अक्का बराच वेळ त्यावर वाकून होत्या.

“मला तिथं जायचं आहे,” त्या म्हणाल्या.

नानांचे गुडघे आता चढ चढत नाहीत. त्यांनी विचारलं, “नकाशा कोण वाचणार?”

“मी,” अक्का म्हणाल्या.

अस्सल नकाशा मी खणातच ठेवला. डोंगरात न्यायला त्याची झेरॉक्स प्रत काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. पहाटेच्या बसने आम्ही दोघी चाळीसगावला आणि तिथून जीपने पायथ्याला पोहोचलो. पहिला तासभर सगळं नकाशाबरहुकूम होतं. मग वाट थेट एका तळ्यात शिरली. नकाशात तळं नव्हतं. अक्का गोंधळल्या, प्रत उलटसुलट करून पाहू लागल्या. परत फिरायचं का, असं मी विचारणार होते, इतक्यात शेळ्या चारणाऱ्या एक बाई काठी टेकत आल्या.

“ती वाट पानीमा गयी (पाण्यात गेली),” त्या म्हणाल्या. “आते तठून जा (आता तिकडून जा).”

त्यांनी दाखवलेल्या बाजूने तळ्याला वळसा घालून आम्ही निघालो. अक्कांनी थांबून बॉलपेनने प्रतीवर तळं काढलं आणि नवी वाट आखली. खिंडीत पोहोचलो तेव्हा वारा भरारा वाहत होता. खाली पिवळी शेतं आणि केळीच्या बागा पसरल्या होत्या. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पुऱ्यांची शिदोरी मी सोडली, पण अक्का उभ्याच होत्या.

“इतकी वर्षं मी यांची पाठ बघत चालले,” त्या म्हणाल्या. “पुढं जो चालतो त्याला हे असं दिसतं होय!” आणि त्या मनापासून हसल्या.

संध्याकाळी त्यांनी प्रत नानांपुढे ठेवली. नानांच्या नकाशावर आजवर दुसऱ्या कुणाची रेघ पडलेली नव्हती. भिंग घेऊन त्यांनी ती नीट पाहिली. मग गिरणेच्या खणातून अस्सल नकाशा काढला.

“वळसा डावीकडून का?”

“डावीकडूनच. उजवीकडे चिखल शे (आहे).”

नानांनी शाईने तळं काढलं, वाट फिरवली आणि खाली कोपऱ्यात अक्कांचं नाव घालून लिहिलं : दुरुस्ती, सिंधू.

अक्का उठल्या. चहा ठेवायला आत गेल्या, आणि तो बराच वेळ आलाच नाही.

पुण्याला परतताना बसमध्ये मी माझ्या ग्रंथालयाचाच विचार करत होते. नकाशावर पेन्सिल टेकवू पाहणाऱ्याला मी आजवर हटकत आले. अस्सल कागद जपायचा, हे बरोबरच आहे. पण वाट तिकडे बदलत राहते, आणि ते सांगायला चालणारा माणूसच लागतो. आता वाटेच्या प्रत्येक नकाशासोबत मी एक कोरा कागद ठेवते, चालून आलेल्याने बदल लिहावा म्हणून. तसे काही कागद धुळ्यालाही पाठवले.

भरून आलेला पहिला कागद तिथलाच होता. बोरीकाठची वाट, अक्कांच्या ठसठशीत अक्षरात. खाली नानांच्या दोन ओळी होत्या : “मी घरीच होतो. तपासलं नाही. बरोबरच असणार.”